दोन पाट्या माती

परवा थोरल्याच्या घराच्या स्लॅबला ओल आली. भिंतीला पोपडे सुटले, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. मिस्त्री आला, मान वर करून छताकडं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "काही नाही आजी, वरून एक थर मारून घेऊ." तो पोरगा वाईट नसेल, पण त्याच्या तोंडून तात्या बोलल्यासारखे वाटले. त्याला म्हटलं, "थर नको मारूस बाबा, आधी पाणी कुठं थांबतंय ते बघ." तो हसला. तात्याही असेच हसायचे.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. भूमच्या बाजूला आमचं गाव. निजामाचं राज्य असताना मी तिथं सून म्हणून आले. आमचं आणि तात्यांचं घर अंगाला अंग लावून, मधली भिंत एकच, आणि दोन्हीकडच्या तुळयांची टोकं तिच्यातच रुतलेली. त्यांना मी 'ते' म्हणते आहे ते आदरानं नव्हे. जिभेला लागलेलं वळण आता या वयात सुटत नाही, एवढंच. त्या माणसाची मला किळस यायची, आणि ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी येते.

त्यांची आठवण निघाली की मला आधी त्यांची जीभ दिसते. तपकिरीनं कडा काळवंडलेली, लांब, सदा ओठांवरून फिरणारी. घरात कुठं गळायला लागलं की तात्या उठायचे, थेंबाखाली करंगळी धरायचे आणि तो थेंब चाटायचे. ज्या बोटानं तपकीर ओढायची तेच बोट. थेंब असायचा चहाच्या रंगाचा. वर उंदरांची बिळं, घोणी, कुजलेला पाला, काय काय ओलांडून खाली आलेला. तात्या तो जिभेवर घोळवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे.

"गोड हाय. वरचंच पाणी हाय. काय न्हाय होत. टाका वरनं दोन पाट्या माती."

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी परसात जाऊन ओकले होते. सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेले.

त्या चाटण्याला अर्थ नव्हता असं मात्र नाही. आमच्याकडची घरं माळवदाची. जाड तुळया, त्यांच्यावर आडवी लाकडं, त्यांच्यावर तरवडाच्या नाहीतर लिंबाच्या फांद्या, आणि सगळ्यावर मातीचा सपाट थर. तात्यांच्या माळवदावर दोन मात्या होत्या. खाली त्यांच्या वडिलांनी टाकलेली पांढरी, वर तात्यांनी टाकलेली काळी. काळीतलं पाणी उंदराच्या बिळांतून सरळ खाली आलं तर गोडं लागतं. ते खाली पांढरीपर्यंत मुरलं की खारट होतं. आणि पांढरीही ओलांडून लाकडात मुरलं की तुरट लागतं, बाभळीची साल चघळावी तसं. तात्यांना हे सगळं पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मला त्यांची जास्त चीड येते. अडाण्याला माणूस माफ करू शकतो.

आता माळवदावर काळी माती कुणी टाकतं का? गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की माळवदाला पांढरीच लागते. जुनं गावठाण उठून गेलं होतं, तिथल्या पांढरीच्या टेकाडावरून लोक उन्हाळ्यात गाढवांवर घालून माती आणायचे. ती पाण्यानं घट्ट बसते, उन्हानं फाटत नाही, खारी असते म्हणून गवतही फारसं धरत नाही. पण तात्यांना पांढरीचा विटाळ.

"त्या मातीत मेलेल्यांची हाडं हायती," ते म्हणायचे. "राख हाय, लोकांचं खरकटं हाय. कोणकोणत्या जातीचं, कुणाला ठावं? त्येच्याखाली म्या बसून जेवू?"

"तुमच्या वडलांनी टाकली होती की," माझे मालक म्हणायचे.

"वडील भोळं हुतं." मग रानाकडं हात करून तात्या म्हणायचे, "ही काळी आपली आई हाय. लेकराच्या डोक्यावर आई पाणी पडू दील व्हय?"

काळी आई पिकाला आई आहे. माळवदावर ती चैत्रात वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात फुगून पाणी धरून बसते. तिच्यात गवत तर असं माजायचं की गल्लीतल्या शेळ्या रानात जायच्या आणि तात्यांची शेळी माळवदावर चरायची. ती खुरांनी खड्डे करायची, खड्ड्यांत पाणी साचायचं, पाणी खाली यायचं, तात्या चाटायचे आणि वरून दोन पाट्या माती पडायची. दर साली हेच. जुनी माती खरवडून कधी काढली नाही. त्यांचं माळवद आमच्यापेक्षा हातभर उंच झालं आणि त्यांचं पाणी आमच्या अंगावर यायला लागलं. खालून बघितलं तर मधल्या खणाची तुळई व्यालेल्या म्हशीच्या पाठीसारखी वाकलेली. जिथं तुळई वाकली तिथंच वर पाणी जास्त थांबायचं, आणि जिथं पाणी थांबायचं तिथंच तात्या आणखी माती टाकायचे.

बोळाच्या पलीकडं चांदबीचं घर. नवऱ्यामागं ती एकटीच शेती बघायची. तिचं माळवद मी कधी गळलेलं बघितलं नाही. मृगाच्या आधी ती वरची सैल माती उकरून काढायची, फांद्यांमध्ये काठी खुपसून लाकूड बघायची, मग नवी पांढरी टाकून पाणी शिंपडून लाकडी चोपण्यानं बडवायची. उतार पन्हाळीकडं आहे का हे बघायला ती तांब्याभर पाणी ओतायची आणि ते कुठं पळतं ते बघत उभी राहायची. पावसाळ्यात पन्हाळीतला पाला रोज काढायची आणि ओल्या माळवदावर कुणाला पाय ठेवू द्यायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पाण्याला वाट दिली तर ते जातंय, अक्का. न्हाय दिली तर हुडकतंय."

तात्यांचं धोरण बरोबर याच्या उलट. पाण्याला वाट नाही, पुवालाही नाही. एकदा त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काढू दिला नाही. "उकलायचं न्हाय," हे त्यांचं दुसरं ब्रीद. वरून हळद, वरून चुना, वरून राख, असे थरावर थर. आत पू झाला. त्यांच्या सुनेला, कौसाला, त्या पायाजवळ बसून रोज नवा लेप लावावा लागायचा. ती बिचारी पदर नाकाला लावायची तर तात्या म्हणायचे, "सासऱ्याचा वास येतोय व्हय गं?" शेवटी अंगठा काळा पडला आणि परांड्याच्या डाक्टरानं काढून टाकला. घरी आल्यावर तात्या सगळ्यांना सांगत सुटले की डाक्टर आनाडी होता. आणखी दोन दिवस लेप लावला असता तर अंगठा वाचला असता म्हणे.

आणि हा माणूस विटाळ पाळायचा! चांदबी ओट्याला टेकून बोलून गेली की तिथं पाणी शिंपडायचा. बाहेरून आलेली वस्तू उन्हात ठेवल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. स्वतःच्या अंथरुणाला ओलीचा, उंदराच्या मुताचा आणि तपकिरीचा असा काही वास यायचा की मांजर तिकडं फिरकायचं नाही. पण तो घरचा वास होता, त्याचा विटाळ नव्हता.

त्यांची धाकटी लेक सखू हिला बघायला सोनारीकडचे पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट तर मी जन्मात विसरणार नाही. पाऊस उतरणीला लागला होता. कौसानं आणि मी सकाळपासून गळतीखालची भांडी हलवली, जमीन सारवली, भिंतीवरचे ओघळ शेणानं पुसले. तात्या गावभर सांगून बसले होते की आमचं माळवद गळत नाही. पाहुणे बसले, पुरणपोळी वाढली, पोळीवर घालायला दुधाच्या वाट्या ठेवल्या. आणि नवऱ्या मुलाच्या चुलत्यापुढच्या वाटीत वरून टप्पकन थेंब पडला. पांढऱ्या दुधात तांबडी रेघ फिरली.

सगळ्यांनी बघितली. पाहुण्यानं मान वर करायच्या आत तात्या म्हणाले, "आरं, तपकीर उडाली की माझी!"

पाहुण्याच्या पुढ्यातली वाटी त्यांनी उचलली, तोंडाला लावली आणि घटाघटा रिकामी करून मिशा पुसल्या. आम्ही दोघी माजघराच्या दारात उभ्या होतो. मी बघतच राहिले. स्वतःची तपकीर पाहुण्याच्या दुधात पडली असं म्हणवून घेणं या माणसाला चाललं, माळवद गळतं असं म्हणवून घेणं चाललं नाही. पाहुणे अर्ध्या पोळीवर उठले. सोयरीक मोडली. पोरगी चांगली आहे, घराची रीत बरी नाही, असा सांगावा आला.

पाहुणे गेल्यावर तात्यांनी त्याच जागी करंगळी धरली. चाटली. या वेळी डोळे जरा जास्त वेळ मिटले.

"खारट हाय," ते म्हणाले. मग कौसाकडं वळून ओरडले, "वाटी तिथंच ठिवायची हुती व्हय तुला? डोळं फुटलं हुतं?"

खारट म्हणजे पाणी वडिलांच्या मातीला पोचलं होतं. अजून वेळ होती. सगळी माती उतरवून तुळईला खालून एक खांब दिला असता तर भागलं असतं. माझ्या मालकांनी हात जोडले, बैल देतो म्हणाले, माणसं देतो म्हणाले. तात्या म्हणाले, "बापाचं माळवद उकलायचं न्हाय. गावाला आमचं आतडं दावायचं न्हाय." त्या उन्हाळ्यातही काळीच्याच पाट्या चढल्या.

पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली. गावातली तरणी माणसं हद्द ओलांडून बार्शीकडं निघून गेली, तात्यांचा मुलगाही आणि माझे मालकही. सखूला मामानं नेलं. कौसाला दिवस भरत आलेले, तिला गाडीचे धक्के सोसले नसते. तिच्यासाठी मी मागं राहिले. तात्याही राहिले. "माळवद सोडून जात न्हाय," म्हणाले.

कौसा श्रावणात बाळंत झाली. मुलगा. खाट टाकली होती मधल्या खणात, त्याच वाकलेल्या तुळईखाली. दुसरी जागा तात्यांनी दिलीच नाही. एका खणात देव, एका खणात चूल. तिथं बाळंतीण नेली तर विटाळ होतो. माझ्या घरी न्यावी म्हटलं तर तुळईचं दुसरं टोक आमच्याच भिंतीत. ती गेली तर भिंत आमच्याच खोलीत येणार, हे मलाही दिसत होतं.

आणि झड लागली. धो धो पाऊस माळवदाला चालतो, तो वाहून जातो. रात्रंदिवस झिमझिमणारी झड माळवदाला मारते. पाचवीच्या दिवशी सकाळी मी कौसाजवळ शेक द्यायला बसले होते. खोलीत ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा असा दर्प की श्वास घेववत नव्हता. गळतीखाली ठेवलेली पितळी भरत आली होती. एक थेंब नव्याच जागी सुटला आणि कौसाच्या ओठावर पडला. तिनं तो पुसला नाही. सासऱ्याच्या चाटण्याला ती लग्नापासून कावलेली; पण तिनं जीभ फिरवली आणि माझ्याकडं बघितलं.

"अक्का, तुरट लागतंय."

मी पितळी उचलून दाराशी गेले. तात्या बाहेर उंबऱ्यापासून चार हात लांब उभे होते, बाळंतिणीच्या खोलीत ते येत नसत. मी पितळी पुढं केली आणि म्हटलं, "तात्या, तुमीच बघा चव."

ते मागं सरकले. "ते तिथलं पाणी म्या तोंडात घालू? शी!"

सगळ्या गल्लीला ठाऊक असलेली ती जीभ त्या दिवशी तोंडात राहिली. तेवढ्यात आतून आवाज आला. कौसा लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याशी मोठ्यानं बोलली नव्हती.

"मामंजी, तुरट हाय. लाकडाचं पाणी हाय."

तात्यांचा चेहरा मी जवळून बघितला. त्यांना कळलं होतं. जबडा सैल झाला, नजर वर तुळईच्या दिशेनं गेली आणि तिथंच थांबली. मला वाटलं, आता म्हणतील, तिला बाहेर काढा. तेवढं म्हणाले असते तर मी आजवरची सगळी किळस विसरले असते.

ते म्हणाले, "बाळंतिणीचं त्वांड कडूच आसतंय." आणि पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, पाटी उचलून माळवदावर चढले.

चांदबी शेगडीसाठी निखारे घेऊन मागच्या दारानं आली. तिनं तुळईकडं बघितलं. भिंतीजवळ लाकडाचा भुगा ओला होऊन लोंबत होता. वर तात्यांची पावलं दबादबा वाजत होती, प्रत्येक पावलाला बाळाच्या दुपट्यावर माती सांडत होती. चांदबीनं निखारे खाली ठेवले.

"उठ गं कौसा. माझ्या घरी चल."

"विटाळ..." कौसा म्हणाली.

"आमच्यात बाळंतिणीला चाळीस दिस जपत्यात. गळक्या माळवदाखाली न्हाय जपत. उठ."

आम्ही दोघींनी तिला धरून मागच्या दाराशी आणलं. बाळाला मी पदराखाली घेतलं. माळवदावरून तात्यांना बोळ दिसत होता. ते वरून ओरडले, "कौसे! चांदबीच्या घरात पाय ठिवलास तर ह्या घरात परत यायचं न्हाय!"

कौसा उंबऱ्यावर थांबली. नवरा मुलखापलीकडं, माहेर लांब. हे घर गेलं तर तिला दुसरं घर नव्हतं. तेवढ्यात चौकटीवरून एक तांबूस थेंब बाळाच्या कपाळावर पडला आणि नाकाशेजारून ओघळला. कौसानं तो पदरानं टिपला, बाळ माझ्याकडून घेतलं आणि बोळ ओलांडून चांदबीच्या घरात गेली.

ती तिथं खाटेवर टेकते न टेकते तोच आवाज झाला. मोठा कडाका वगैरे काही नाही, दमून मोठं जनावर खाली बसावं तसा. मग उंदरांची चीं चीं, आणि मग फक्त झड.

गल्लीतल्या बायका धावल्या. मधला खण सबंध खाली आला होता आणि तात्या त्याच्याबरोबर. कंबरेपर्यंत चिखलात रुतून ते बरोबर खाटेच्या जागी बसले होते. खाट मातीखाली होती, तिचा एक मोडका खूर तेवढा वर दिसत होता. त्यांना मोठं काही लागलं नव्हतं. आमच्याकडं म्हणतात तसं, वाईटाला मरण नाही. ते पुढं बरीच वर्षं जगले, नव्या सरकारचं राज्य त्यांनी बघितलं, घरावर पत्रे घातले आणि पत्र्यांनाही नावं ठेवली. कौसाला तिच्या नवऱ्यानं बार्शीहून आल्यावर वेगळं घर करून दिलं. पण मला तात्या त्यानंतरचे आठवतच नाहीत. मला आठवतात ते त्या चिखलातले.

आम्ही हातांनी माती उपसत होतो. काळी, चिकट, बोटांना धरून बसणारी. तिच्यात गवताची मुळं, लेंड्या, उंदराची गुलाबी पिल्लं. तात्यांचं तोंड, मिशा, भुवया सगळं चिखलानं लिंपलेलं. ते आमच्याकडं बघत नव्हते. बोळाकडच्या पडक्या भिंतीत खिंडार पडलं होतं, तिथं कौसा येऊन उभी होती. बाळ उराशी, अंगावर चांदबीची चादर.

तिनं मोडक्या खुराकडं बघितलं. मग सासऱ्याकडं.

"मामंजी," ती म्हणाली, "आता बघा की चव."

तात्यांची जीभ बाहेर आली. सवयीनंच आली असेल. ओठावरचा चिखल तिनं सावकाश आत ओढला. त्या चिखलात आता काळी, पांढरी आणि कुजलं लाकूड असे तिन्ही थर कालवले होते, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तात्यांनी डोळे मिटले, तो चिखल घोळवला आणि गिळला.

"गोड हाय," ते म्हणाले.

सासऱ्यापुढं कधी मान वर न केलेली कौसा बाजूला तोंड करून थुंकली आणि बाळाला घेऊन चांदबीच्या घरात परत गेली.